देण्याघेण्याची साडी

वैजयंतीअक्का माझ्या ऑफिसात आल्या आणि बसण्याआधी त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली. त्या खुर्चीवर जयसिंगपूरचे डॉक्टर बसलेत, मिरचीचे व्यापारी बसलेत, कारखान्याचे चेअरमन बसलेत. कुणी पुसली नव्हती. पण अक्का म्हणजे अक्का. माझ्या थोरल्या जाऊबाई. नाकानं कांदे सोलायची कला त्या माहेराहूनच शिकून आल्यात.

"कांचन, मी साड्यांचं दुकान टाकणाराय," त्या म्हणाल्या. "चार मजली. 'वैजयंती वस्त्रवैभव'. हे म्हणाले, हल्ली धंदा सुरू करायच्या आधी चाचणी करून घेतात. म्हटलं, आपलंच माणूस आहे की तिथं, बाहेर कशाला जायचं?"

आपलंच माणूस! पंचवीस वर्षं मी त्यांच्या घरातली 'धाकटी' होते, 'ती कुरुंदवाडची' होते. आज काम पडलं तशी आपलं माणूस झाले.

"बसा की अक्का, चहा सांगते," म्हणाले आणि बाहेर गेले. व्हरांड्यात उभी राहून भिंतीकडे तोंड करून हसले. शिपाई म्हणाला, "मॅडम, बरं वाटत नाही काय?" म्हटलं, फार बरं वाटतंय बाबा.

कारण सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई उगाच विषारी आहे.

माझी आई कुरुंदवाडला साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. माझ्या लग्नात तिनं सासरच्या सगळ्या बायकांना आहेर केला. बाकीच्यांना बेताच्या साड्या, पण थोरल्या जावेसाठी इरकल घेतली. वांगी रंगाची, लाल टोपपदराची. "तुला तिच्या हाताखाली नांदायचंय, तिचा मान मोठा," म्हणाली. त्या साडीला तिनं स्वतः, हातानं, बारीक टाक्यात फॉल लावला. आहेराच्या साडीला कुणी फॉल लावून देत नाही. आईनं लावला, का तर त्यांना लगेच नेसता यावी.

दोन वर्षांनी माझ्या ऋजुताचं बारसं झालं. हॉल भरलेला. अक्कांनी माझ्या आईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि साडीचा खोका हातात दिला. साडी हातात आली की उलटून काठ बघायची आईला सवयच होती. तिनं तिथंच खोका उघडला. आत वांगी रंगाची इरकल. तिचीच. तिच्याच टाक्यांची.

शेजारून माझी नणंद ओरडली, "अय्या, ही तर तुम्हीच दिलेली की!" अख्खा हॉल हसला. अक्का हसल्या, "गफलत झाली बघा," म्हणाल्या आणि पुढच्या पाटाकडे गेल्या. आईपण हसली. घडी घातली, पिशवीत ठेवली, जेवली, "स्वयंपाक छान झालाय," म्हणाली. स्टँडवर सोडायला गेले तेव्हा एवढंच बोलली, "रंग आवडला नसेल गं त्यांना."

त्याच वर्षी आई गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी. ती इरकल मी माझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि दर दिवाळीला कपाट आवरताना अक्कांच्या नावानं चार शिव्या घालून पुन्हा तिथंच ठेवत गेले.

आता माझ्या कामाचं सांगते. आमच्या कंपनीचं नाव 'कानोसा'. कुणालाही धंदा काढायचा असला की आम्ही बाजाराचा कानोसा घेऊन देतो. पूर्वी यासाठी पोरं दारोदार फिरायची, प्रश्न विचारायची आणि लोक तोंडावर गोड बोलून खोटी उत्तरं द्यायचे. 'नाही आवडलं' म्हणायची आपल्याकडे रीत कुठं आहे? आता लोकांना विचारायची गरजच उरली नाही. त्यांचे कपडेच बोलतात.

दहाएक वर्षांपासून प्रत्येक नव्या कापडात एक खूणधागा विणलेला असतो. केसाहून बारीक तार आणि तिच्या टोकाला खसखशीच्या दाण्याहून लहान चिप. बॅटरी वगैरे काही नाही. दुकानाचं दार, नव्या पद्धतीचं कपाट, धुण्याचं मशीन यांतून रेडिओलहरी निघत असतात. त्या लहरींच्याच ऊर्जेवर ती चिप क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. चोरीचा आणि नकली माल ओळखायला ही सोय आणली. पण त्यातून साडी कुठल्या घरातून कुठल्या घरात गेली, हेही कळायला लागलं. माणसांची नावं आम्हाला दिसत नाहीत, फक्त घरांचे नंबर दिसतात.

त्या धाग्याला आणखी एक गोष्ट कळते. नेसल्यावर साडी वाकते, ताणली जाते, तशा तारेत बारीक भेगा पडतात आणि विजेला होणारा अडथळा वाढत जातो. तो अडथळा मोजला की साडी किती वेळा अंगावर चढली याचा अंदाज येतो. याला आम्ही झीज म्हणतो.

ही सगळी माहिती 'प्रतिगावा'त जाते. प्रतिगाव म्हणजे संगणकातलं बाहुल्यांचं जयसिंगपूर. जितकी घरं तितक्या बाहुल्या, आणि प्रत्येक बाहुली त्या त्या घराच्या सवयींनी वागते. त्या गावात आपलं दुकान उघडायचं आणि दहा वर्षं दहा मिनिटांत चालवून बघायची. चालतंय की बसतंय, ते चहा संपायच्या आत कळतं.

पण एक ग्यानबाची मेख आहे. हे यंत्र बनवलं परदेशात. तिथं म्हणे चांगला कपडा मैत्रिणी मागून नेतात, भाड्यानं घेतात, बदलून घेतात. जितकी घरं फिरला, तितका लाडका. म्हणून यंत्राचं मूळ गृहीतकच तसं की जे कापड जास्त फिरतं त्याला मागणी जास्त. झिजेचा रकाना वेगळा असतो, आणि तो मुद्दाम उघडला तरच हिशेबात धरला जातो. मी तो नेहमी उघडते. आपल्याकडे न उघडून चालेल काय? आपल्याकडे देण्याघेण्याची साडी असते ना!

तुमच्या घरात नाही, असं म्हणू नका. लग्नात आलेली, न आवडलेली, खोक्यातून बाहेरच न काढलेली साडी. पुढच्या बारशाला ती दुसरीकडे जाते, तिथून मुंजीला, तिथून वास्तुशांतीला. गावभर फिरते आणि नेसत कुणी नाही. परदेशातल्या यंत्राला हे कुठून कळणार?

अक्कांचा चहा पिऊन झाला तोवर मी प्रतिगाव सुरू केलं होतं. बाहुल्या भराभर दुकानात शिरायला लागल्या. पडद्यावर एकाच जातीच्या साड्या वर चढल्या. गुलाबी, पोपटी, खोट्या जरीच्या काठाच्या, मधल्या किमतीच्या. एकेक साडी आठ-आठ, नऊ-नऊ घरं फिरलेली. यंत्राचं म्हणणं असं की जयसिंगपूर या साड्यांवर जीव ओवाळून टाकतंय, दुकानाचे तीन मजले याच साड्यांनी भरा.

"बघ!" अक्का टाळी वाजवून म्हणाल्या. "मी ह्यांना हेच सांगत होते. बायकांना असलंच लागतं."

माझं बोट झिजेच्या रकान्यावर होतं. एकदा टेकवायचं, बस्स. सगळ्या साड्यांसमोर शून्य, शून्य, शून्य उमटलं असतं आणि अक्का चार मजल्यांचं खूळ डोक्यातून काढून घरी गेल्या असत्या. मी बोट टेकवणारच होते. खरंच. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "तुझी आई ह्यातलंच काहीतरी करायची ना गं? काय ते, शिवणबिवण?"

काहीतरी. शिवणबिवण. माझं बोट मागं आलं.

तरी मी एक संधी दिली. उद्या देवासमोर उभं राहायचंय, म्हणून दिली. विचारलं, "अक्का, यातली एखादी साडी तुम्ही नेसाल?"

"मी?" त्यांनी नाक मुरडलं. "मी नेसते होय असलं? आहेरात आलेल्या वीसएक पडल्यात माझ्या कपाटात. कुणाकुणाला देऊन टाकते."

"मग?"

"मग काय? माझं वेगळं, गिऱ्हाइकाचं वेगळं."

याहून जास्त मी काय करायचं होतं? बाई स्वतःच्या तोंडानं सांगत होती की आपण ही साडी नेसत नाही, फक्त फिरवतो. स्वतःचं कपाट उघडून बघितलं असतं तरी बाजाराची चाचणी झाली असती. पण पडद्यावर आकडा दिसला की माणसाला आपलं कपाट दिसत नाही. मी अहवालावर सही केली आणि त्यांच्या हातात दिला. त्या आठवड्यात मला इतकी शांत झोप लागायची, की अभय म्हणाला, तू घोरायला लागलीस.

अभय म्हणजे माझा नवरा. भला माणूस. दादापुढं, म्हणजे थोरल्या भावापुढं, अक्कांच्या यजमानांपुढं, भरतेशदादांपुढं, त्याचं तोंड कधी उघडलं नाही. महिन्याभरानं तो जेवताना म्हणाला, "दादानं पंपाचा कारखाना मोडायला काढला, घर तारण ठेवलं. सगळं दुकानात घालतोय. मलापण म्हणतोय, भागीदारीत ये. आपला नांदणी रोडचा प्लॉट विकून..."

"नको," मी म्हटलं.

"का? तुझ्याच यंत्रानं चांगलं सांगितलंय ना?"

"यंत्र सांगू दे नाहीतर देव सांगू दे. प्लॉट ऋजुताच्या लग्नासाठी आहे."

त्यानं भातावर आमटी घेतली आणि पुन्हा जेवायला लागला. त्याला तेव्हाच काहीतरी खुपलं असणार, पण अभयला कुठलीही गोष्ट खुपली की वर यायला वर्ष लागतं.

दुकानाचं उद्घाटन झोकात झालं. सनई, रांगोळी, दारात केळीचे खांब. अख्खं गाव आलं, पेढे खाल्ले, चारही मजले बघितले आणि घरी गेलं. लग्नसराई आली तरी गर्दी होईना. बाया यायच्या, नवरीसाठी चौथ्या मजल्यावरचं एखादं पातळ घ्यायच्या आणि आहेराच्या साड्यांकडे ढुंकून बघायच्या नाहीत. नव्या कशाला घ्यायच्या? प्रत्येकीच्या घरी रास पडलेली. यंत्रानं एकच साडी नऊ घरांत बघितली आणि नऊ गिऱ्हाइकं मोजली. खरं गिऱ्हाईक एकच होतं, ज्यानं पहिल्यांदा विकत घेतली ते.

दुसऱ्या वर्षी जे झालं त्यात माझा हात नाही. ते नशीबच माझ्या बाजूनं उतरलं. सरकारनं नियम केला की कापड ज्याच्या हातात आहे त्याला त्याचा मागचा प्रवास बघता आला पाहिजे. साडीला फोन लावला की ती कुठून कुठं फिरली ते गावागावाच्या नावासकट दिसायचं. मग काय विचारता! शिरोळात एका विहीणबाईंनी मांडवातच फोन लावला. साडी मिरजेतून निघून कागवाड, कुपवाड, हातकणंगले करत आलेली. "आमच्या दारात सात गावचं उष्टं?" म्हणून त्यांनी ती व्याह्यांच्या अंगावर फेकली. असल्या भांडणांना ऊत आला. लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं पूर्वी नुसतं शोभेला छापायचे, आता लोक ते खरंच पाळायला लागले. अक्कांचे तीन मजले भरलेले तसेच राहिले.

मी मुद्दाम त्या रस्त्यानं जायची. काचेआड अक्का गल्ल्यावर एकट्या बसलेल्या दिसायच्या. एकदा आमची नजरानजर झाली आणि त्यांनी हात हलवला. मीपण हलवला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाऊन मी शिरा केला.

पुढं घर गेलं. भरतेशदादांना तो सुंदर, पुढं अंगण असलेला बंगला सोडून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जावं लागलं. दुकानाच्या तळमजल्यावर व्यायामशाळा आली. ते ऐकून आलेल्या दिवशी अभयनं ताटावर बसताच विचारलं.

"कांचन, तूच सांगायचीस ना, झीज बघितल्याशिवाय साडीबद्दल बोलू नये?"

मी भाकरी वाढली.

"दादाच्या वेळी बघितली होतीस?"

मी आमटीची वाटी पुढं सरकवली. त्यानं भाकरी तशीच ठेवली आणि उठला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. म्हणजे भांडत नाही, ओरडत नाही, भाजी आणून देतो, दवाखान्यात नेतो. पण जे बोलायचं ते ऋजुतामार्फत. "आई, बाबा म्हणतात आमटीत मीठ कमी पडलंय." एवढी किंमत मोजावी लागली. मोजली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोजीन.

ऋजुताचा साखरपुडा ठरला आणि मी वरच्या फळीवरून इरकल काढली. माझ्या मनात सगळं आखलेलं होतं. तसाच भरलेला हॉल, तसाच पाट, तसंच कुंकू. अक्का खोका उघडतील, साडी ओळखतील आणि सगळ्यांदेखत त्यांचा चेहरा उतरेल. दुकान बुडालं ते यंत्रामुळं, असं गाव म्हणत होतं. मला ते पुरेसं नव्हतं. आईचं नाव त्यांच्या कानात पडायला हवं होतं.

अक्का आल्या. वाळल्या होत्या, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "हॉल लहान घेतलास गं." मी त्यांना मानानं पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खोका हातात दिला. त्यांनी तो न उघडताच शेजारच्या पिशवीत सरकवला. सवय!

"उघडा की अक्का," मी म्हटलं.

त्यांनी उघडला. अक्कांनी साडी मांडीवर घेतली, पदर पसरला आणि त्यांचा चेहरा फुलला. "अगंबाई! काय सुरेख इरकल! असला रंग आता मिळतोय कुठं?" आजूबाजूच्या बायका वाकून बघायला लागल्या. माझी नणंद, हो, तीच, म्हणाली, "फॉलसुद्धा लावून दिलाय! कांचन, तुला हौस आहे हं." कुणालाही आठवत नव्हतं. अख्ख्या हॉलमध्ये एकट्या मला आठवत होतं.

मी तोंड फिरवून आतल्या खोलीत गेले, जिथं जेवणाची भांडी मांडली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं ते रागानं. अक्का मागोमाग आल्या, साडी छातीशी धरून.

"कुठनं आणलीस गं ही?"

"माझ्या आईनं तुम्हाला आहेर केला होता माझ्या लग्नात. तुम्ही तिला ऋजुताच्या बारशाला परत केलीत."

त्या क्षणभर आठवत राहिल्या. मग हसल्या. "अगं हो! ते होय! किती हसलो होतो आपण सगळे!"

"आम्ही नव्हतो हसलो, अक्का."

"अगं, मी मुद्दाम नव्हतं केलं. कपाटात दहा-बारा खोके असायचे, वरचा उचलला. मी उघडूनच बघितला नव्हता गं तो." मग साडीकडे बघत, अगदी सहज, त्यांनी विचारलं, "खरंच, कांचन, तुझं ते यंत्र एवढं कसं चुकलं? साड्या घरोघर फिरत होत्या हे खरंच होतं. पण नेसत कुणी नाही, हे त्याला कळत नव्हतं काय?"

"कळत होतं."

"मग?"

"त्याचा वेगळा रकाना असतो. तो उघडावा लागतो." मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "मी उघडूनच बघितला नव्हता, अक्का."

बाहेर कुणीतरी लहान मुलांच्या पंगतीला हाका मारत होतं. अक्कांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू विझलं. त्यांना कळलं. सगळं कळलं. घर, दुकान, दादांचा कारखाना, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेलं मला दिसलं.

"एका साडीपायी?" त्या पुटपुटल्या.

"माझ्या आईपायी."

मला वाटलं, आता ओरडतील, हॉलमध्ये जाऊन तमाशा करतील. मी तयार होते. मला तर तेच हवं होतं. पण अक्कांनी साडीची घडी घातली. टोपपदर नीट आत घेतला. साडी पिशवीत ठेवली. बाहेर जाऊन पंगतीला बसल्या, सगळं वाढून घेतलं, ऋजुताच्या तोंडावरून हात फिरवला. निघताना दारात माझ्यासमोर थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "स्वयंपाक छान झालाय."

आईचे शब्द, जसेच्या तसे.

या गोष्टीला वर्ष झालं. जयसिंगपुरातली कुठलीही साडी कितव्यांदा नेसली, किती घरं फिरली, मी बसल्या जागी सांगू शकते. त्या इरकलीचं मात्र मला काही सांगता येत नाही. ती विणली तेव्हा खूणधागा नव्हता. अक्का ती नेसतात, जाळली, की कुणाला देऊन टाकली, कळायला मार्ग नाही. विचारायचं म्हटलं तर तोंड नाही, आणि घरात ज्याला विचारावं तो बोलत नाही.

आता कुणाच्या बारशाला, डोहाळजेवणाला गेले की माझी नजर आधी आहेराकडे जाते. अजून काही घरांत चार-दोन खोके येतात. यजमानीण आत गेली की मी एकेक झाकण उघडून बघते. परवा एका पोरीनं मला बघितलं आणि आईला सांगितलं, त्या काकू आपले आहेर तपासतायत. सगळ्या हसल्या. मीपण हसले आणि पुढचा खोका उघडला.